जुना लेथ

रविवार, रात्र.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून आणलेला लेथ आज अखेर फिरला. दोन महिने रॉकेल आणि चिंध्या घेऊन गंज काढत होतो. चकजवळ बेडची झीज बोटाला लागते. टर्नरनं वर्षानुवर्षं छोटे जॉब तिथंच काढले असणार.

25 मिलिमीटरची सळई टर्न केली, तर दोन टोकांत 0.04 मिलिमीटरचा फरक. बेडला पीळ होता. पायाखाली शिम घालून लेव्हल साधली, पुन्हा कट घेतला; फरक निम्म्यावर आला. कुरळी, चकाकती चिप सुटली तेव्हा डोळे भरून आले.

हँडलची मूठ कुणाच्या तरी तळहातानं गुळगुळीत झाली आहे. त्या अनोळखी कारागिराची मेहनत आता मी सांभाळायची.