बादलीच्या जस्ताचा दागिना

हैदराबादला गेले की चारमिनारजवळच्या लाड बाजारातून लाखेच्या बांगड्या आणायच्या, ही आपल्याकडची रीतच. या बांगड्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच शहरात आपल्या बिदरचे नाव लावणारा दागिनाही मिळतो. काळ्याभोर अंगावर चांदीची नाजूक वेल असलेली बिदरीची कानातली, लोलक, कडी!

हा काळा धातू म्हणजे मुख्यतः जस्त, कन्नडमध्ये सतु. हार्डवेअरच्या दुकानातले पत्रे आणि बादल्या गंजू नयेत म्हणून मुलामा देतात, तेच हे जस्त. त्यात थोडे तांबे घालून ओततात. तुकडा घासून त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवले, की तो तात्पुरता काळा होतो आणि छिन्नीची रेघ उजळ दिसते. त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर लावला, की जस्त कायमचे काळे पडते, चांदी मात्र तशीच राहते.

१९५६ पर्यंत बिदर हैदराबाद राज्यातच होते. तिथल्या सालारजंग संग्रहालयात बिदरीचे हुक्के, पानदाने पाहिली, की या कलेचे गिऱ्हाईक कोण होते ते कळते. आता तो थाट उरला नाही. म्हणून कारागीर दागिन्यांकडेही वळले.

भाचीच्या लग्नासाठी मी कानातली आणली. सासूबाईंनी हातात घेऊन विचारले, "बंगारऽ अल्लेनु?" आणि लगेच, "मोडीत काय येणार गं याचे?"

प्रश्न रास्त होता. त्यांच्या पाटल्या गहाण पडल्या, म्हणून घरातल्या दोन मुलांची शिक्षणे झाली. जस्त अडीअडचणीला धावून येत नाही. पण २०२५ साली दहा ग्रॅम सोने लाखापलीकडे गेले. ऐपत नसताना कर्ज काढून आहेर करण्यापेक्षा, ज्याची किंमत कारागिराच्या हाताला जाते असा दागिना का देऊ नये? सोनाराच्या तराजूत मेहनतीचे वजन होत नाही, म्हणून ती फुकट ठरते काय?

घेतलात तर एवढेच सांभाळा: चिंचेने किंवा पावडरीने घासू नका, काळा रंग जाईल. खोबरेल तेलाचा थेंब लावून मऊ फडक्याने पुसा.