उलटा गड

सह्याद्रीतल्या गडावर आधी चढ असतो, मग उतार. दम संपला तर अर्ध्या वाटेवरून मागे फिरता येते आणि मागची वाट उताराचीच असते. सुट्टीत बाबांबरोबर सिंहगड, राजगड केल्यामुळे माझी डोंगराशी ओळख अशीच झाली. मेघालयातला डोंगर मात्र नकाशावरच उलटा निघाला.

नोव्हेंबरमधल्या हाइकचे नियोजन अ‍ॅडव्हेंचर क्लबने आमच्या हाउसकडे दिले होते. 22 कॅडेट, 2 इन्स्ट्रक्टर आणि ठिकाण सोहरा, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले चेरापुंजी. ऑगस्ट 1860 ते जुलै 1861 या बारा महिन्यांत इथे 26,461 मिलिमीटर पाऊस पडला होता. तो आजही जागतिक विक्रम आहे. बंगालच्या उपसागरावरून आलेले ढग बांगलादेशाचे सपाट मैदान ओलांडून थेट या पठाराच्या कड्याला भिडतात. त्या पावसावर इथल्या दऱ्यांत दाट वर्षावन वाढले आहे. मोटारीचा रस्ता तिर्ना गावापर्यंत जातो. तिथून सुमारे 3,500 पायऱ्या आणि तारांचे झुलते पूल पार केले की दरीत नोंगरियाट गाव लागते. जिवंत मुळांचा दुमजली पूल तिथेच आहे. त्याच्याही पुढे, जंगलातून तास-दीड तासाच्या वाटेवर, रेनबो फॉल्स हा धबधबा.

म्हणजे हा उलटा गड. जाताना सगळे ताजेतवाने असतात, त्यामुळे धबधबा बहुतेकांना गाठता येतो. खरा चढ पाय थकल्यावर सुरू होतो. तेव्हा माघार घ्यावी म्हटले, तर माघार म्हणजेच चढ.

म्हणून मी वेळापत्रक शेवटापासून लिहिले. ईशान्येत नोव्हेंबरमध्ये साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शेवटच्या कॅडेटने 4 वाजता तिर्नात असलेच पाहिजे. चढायला अडीच तास धरले, तर नोंगरियाट दीडला सोडायचे. त्याआधी जेवणाला पाव तास. त्यासाठी धबधब्यावरून पावणेबाराला निघायचे. असे उलटे मोजत आलो, तेव्हा तिर्नातून सकाळी साडेसातला सुटायचे ठरले. मुक्काम शिलाँगऐवजी सोहरातच करावा, हेही त्यातूनच नक्की झाले. धबधब्यावर हातात उरली चाळीस मिनिटे.

हाउसच्या मीटिंगमध्ये या चाळीस मिनिटांवरून बराच आवाज झाला. इतक्या लांब जायचे आणि पोहायचेही नाही? मी तक्रारवाल्यांना होस्टेलच्या जिन्यावर नेले. आमच्या तीन मजल्यांना 66 पायऱ्या आहेत. 3,500 पायऱ्या म्हणजे 53 वेळा तळापासून गच्चीपर्यंत. वीस फेऱ्या झाल्यावर पोहण्याचा विषय कुणी काढला नाही.

अवघड प्रश्न माझ्या बडीचा होता. सप्टेंबरमध्ये त्याला डेंग्यू झाला होता. एम. आय. रूमने जायला परवानगी दिली, पण जिन्यावर तो बाराव्या फेरीला बसला. वेग सर्वांत हळू असणाऱ्याचा ठेवायचा, म्हणून मी त्याचे नाव वाटाड्याच्या मागे, सर्वांत पुढे लिहिले. त्याला ते आवडले नाही.

"सगळे माझ्यामुळे रखडले, हे सगळ्यांना दिसावं म्हणून पुढे ठेवतोयस का?" त्याने विचारले.

"मागे ठेवलं तर तू आमचा वेग गाठायला धावशील. पुढे असलास तर वेग तुझा."

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "नोंगरियाटला थांबायचं की पुढे जायचं, ते मी ठरवणार. तू कागदावर लिहायचं नाहीस." सरांनी ते मान्य केले, फक्त एक अट घातली: निर्णय गावातच घ्यायचा, पुढे जंगलात नाही.

वाटाडे दोघे होते, एक पुढे आणि एक शेवटी. खासी भाषेत पुरुषाला आदराने 'बाह' म्हणतात, म्हणून आम्हीही दोघांना बाह म्हणत होतो. निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाच्या बुटांचे तळवे पाहिले आणि बांबूच्या काठ्या दिल्या. शेवाळलेल्या पायरीवर पाऊल आडवे टाका, प्लॅस्टिकचा एक कागदही खाली ठेवू नका, आणि आम्ही थांबा म्हटले की कारण नंतर विचारा, एवढ्या तीन सूचना. वाटेत पाठीवर 'खोह' नावाची शंकूसारखी टोपली आणि तिचा पट्टा कपाळावर घेतलेला एक माणूस वर चढत होता. त्याचे पाऊल सावकाश होते, पण तो कुठेही थांबला नाही. बाह म्हणाले, "परतताना असं चाला."

नोंगरियाटला आम्ही सव्वानऊला पोहोचलो. बडी मुळांच्या पुलावरून फिरून आला आणि सरांना म्हणाला, "सर, मी इथेच थांबतो. पाय चढासाठी राखून ठेवतो." एक इन्स्ट्रक्टर त्याच्याबरोबर राहिले.

आम्ही धबधबा पाहिला. निळसर हिरव्या डोहात पाणी कोसळत होते, तुषारांत इंद्रधनुष्य उमटले होते आणि बोलायला ओरडावे लागत होते. पावणेबाराला शिट्टी झाली. दोन-तीन जणांनी "पाच मिनिटं" म्हटले, पण बाह निघालेही होते.

चढावर बडी सर्वांत पुढे होता. दर शंभर पायऱ्यांना तो थांबायचा, वीस श्वास मोजायचा आणि निघायचा. पहिल्या हजार पायऱ्यांत मागच्यांनी कुरकुर केली. दुसऱ्या हजारानंतर तेच लोक शंभर कधी होतात याची वाट बघत होते. 3 वाजून 50 मिनिटांनी शेवटचा कॅडेट तिर्नात पोहोचला. आम्ही वाटाड्यांना 'खुब्लेई' म्हणजे धन्यवाद म्हटले, तेव्हा त्यांनी आधी बडीशी हात मिळवला.

नंतर बसमध्ये त्याने धबधब्याचे फोटो पाहिले आणि पुढच्या वर्षी तिथे जायचेच असे जाहीर केले. वेळापत्रकाची प्रत क्लबच्या फाइलमध्ये लावली आहे. ज्युनियर्सनी ती वापरावी, पण वेळ आमच्या पायांवरून मोजू नये. आपल्या तुकडीतला सर्वांत हळू चालणारा कोण, हे आधी जिन्यावर पाहावे आणि पुढे थांबायचे की जायचे हे त्याला स्वतःला ठरवू द्यावे.