आमचा कान आणि चिनान्तेक बोली

तीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. पहिल्याच तासाला आमचें एक वाक्य ठरलेलें असे: मनुष्याच्या मुखांतून निघूं शकेल असा एकही ध्वनि आमच्या वर्णमालेच्या बाहेर राहिलेला नाहीं. याला आधार काय, असें कोणीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर त्याला बाकावर उभें राहावें लागलें असतें.

गेल्या श्रावणांत आमची पुतणी घरीं आली होती. ती भाषाशास्त्राची अभ्यासक. रात्रीं जेवणें आटोपून मंडळी माजघरांत बसली असतां तिनें आम्हांस तीन शब्द ऐकविले. मेक्सिको देशांत वाहाका नांवाचा प्रांत आहे. त्याच्या उत्तरेकडील डोंगरांत लाखाहून अधिक लोक चिनान्तेक बोलतात. तेथील पलांतला गांवच्या बोलींत ‘हा’ असा उच्चार केवळ मुखांतून केला तर अर्थ ‘असा’, किंचित् नाकांत केला तर ‘तो पसरून उघडतो’, आणि पुरता नाकांत केला तर ‘फेस’! पहिला शब्द निराळा, एवढें आम्हांस कळलें. पुढचे दोन चार वेळां ऐकूनही एकच वाटले. आमची सात वर्षांची नात मात्र दर वेळीं बिनचूक बोटें दाखवीत होती.

“आतां बाकावर कोण उभें राहणार?” आंतून प्रश्न आला. आम्ही गप्प बसलों.

पुतणीचें सांगणें पुढें चाललेंच होतें. चिनान्तेक ही एक भाषा नव्हेच. तिचे कोणी ११ भेद मानतात, कोणी १४, आणि एका खोऱ्यांतलें बोलणें पुष्कळदां दुसऱ्या खोऱ्यांत कळत नाहीं. उसिला येथें केवळ उंचीनें वेगळे असे पांच सूर आहेत. सूर बदलला कीं शब्द बदलतो. पलांतला येथें अक्षर झटक्यानें सोडावें कीं संथपणें, यावरही अर्थ ठरतो. विल्यम मेरीफील्ड यांनीं १९६३ सालीं हा भेद वर्णिला. सोचियापाम गांवचे पुरुष तर शब्दांतले सूर शिट्टींत उतरवून डोंगरापलीकडच्या माणसाशीं बोलत. स्त्रियांना तें सारें समजे, पण त्या स्वतः शिट्टी वाजवीत नसत. आणि कोमाल्टेपेक येथें स्वराच्या लांबीवरही नित्याच्या शब्दांचा अर्थ ठरतो. ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत हें त्रिक आम्हीं जन्मभर घोकविलें. त्यांतला प्लुत दूरच्याला हांक मारण्यापुरता, असें सांगून पान उलटीत असूं.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. आमच्या वर्गांत एक मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणे. त्याच्या घरीं, त्याच्या वाडींत सारे तसेंच बोलत. आम्हीं त्याला फळ्याजवळ उभा करून तो शब्द पन्नास वेळां म्हणावयास लाविला, वर्गाला हसूं दिलें, आणि शेवटीं छडीही दिली. त्याला तो भेद कदाचित् ऐकूंच येत नसेल, ही शंका आम्हांस शिवली नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर तो शाळेंत आला नाहीं. त्याचें नांव आतां आठवत नाहीं. खिडकीजवळचा बाक आठवतो.

पुतणी ते तीन शब्द आमच्याजवळ ठेवून गेली आहे. रोज सकाळीं संध्या झाल्यावर आम्ही ते लावतों. नात शेजारीं येऊन बसते.

“आजोबा, पुनः चुकलांत,” ती म्हणते, आणि शब्द परत लावते.