सुराचा काठ

जळकोटच्या हवेत आवाज कोरा राहत नाही. हरिनाम सप्ताहात पहाटेचा काकडा देवळावरच्या भोंग्यातून शिवारात उतरतो, तेव्हा गाणाऱ्याच्या गळ्याला एक खरखरीत कड आलेली असते. मशीन जुनं, भोंगा त्याहून जुना. अभंग वरच्या पट्टीत चढला की दोघंही आपल्या ताकदीच्या टोकाला पोचतात. तो आवाज बालाघाटाच्या उतारांवरून वाडी-तांड्यांपर्यंत जातो आणि तिथंही ओळखू येतो. रात्रभर संबळावर गायलेल्या गोंधळ्याचा गळाही पहाटे अशाच एका जागी येऊन ठेपतो. सूर आता फुटेल असं वाटतं, पण तो सुटत नाही. त्या जागेवरच्या आवाजाची मला लहानपणापासून ओढ आहे. इलेक्ट्रिक गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल, म्हणजे सुराला अशी खरखरीत कड देणारी पायाखालची डबी, घ्यायचं ठरवलं तेव्हा मी शोधत होतो तो हाच काठ.

या काठाच्या शोधात जगानं काय काय केलं आहे! लिंक रे या अमेरिकी वादकानं १९५८ च्या ‘रम्बल’साठी स्पीकरच्या कागदी पडद्याला भोकं पाडली. १९६१ साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात, स्टुडिओतल्या बिघडलेल्या उपकरणामुळे बेस गिटार घुरघुरलं, आणि तो बिघाड गाण्यात तसाच राहू दिला गेला. पुढच्याच वर्षी असा आवाज पायाखालच्या डबीतून काढणारं माइस्ट्रो कंपनीचं फझ-टोन बाजारात आलं. मग जपानी कारागिरांनी त्यात मऊपणा आणला. बॉस कंपनीचं ओडी-१ हे १९७७ चं, आणि आयबानेझचं हिरवं ट्यूब स्क्रीमर १९७९ चं. आज स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी पेडलांचं कूळ या हिरव्या डबीशी जाऊन मिळतं.

पण स्वच्छ सुराला मुद्दाम खरखर आणण्याची कला आपल्या मातीला परकी नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर पाहावा. घोडीचा माथा तो कानसेनं कणाकणानं घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवत नेतो. एका जागेवर तार अचानक उघडते आणि षड्जाच्या आत दडलेले वरचे सूर मधमाश्यांसारखे घुमू लागतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला की ते पुन्हा मिटतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाचा मोठा वाटा या केसभर अंतराचा आहे असं मी मानतो.

अनेक ओव्हरड्राइव्ह पेडलांच्या पोटातही असंच काहीतरी घडतं. तिथं ४५५८ नावाची आठ पायांची चिप गिटारचा क्षीण विद्युतसंकेत मोठा करते. तिच्या वाटेत काचेचे बारीक डायोड बसवलेले असतात. सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत ते गप्प राहतात. लाट त्याहून उंच उठली की तिचा शेंडा गोल करून टाकतात. या गोलाईतून नवे सूर जन्मतात. दोन्ही बाजूंचे शेंडे सारखेच गोलावले तर एक रंग येतो. बॉसच्या एसडी-१ मध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड असतात, म्हणून त्याचा रंग वेगळा. हलक्या हातानं छेडलेली तार डायोडपर्यंत पोचतच नाही, ती स्वच्छ राहते. जोर दिला की तीच तार पेटते. हाताचा शब्द न् शब्द जिथं ऐकला जातो, ते पेडल चांगलं. हे किमतीवर फारसं अवलंबून नाही, कारण या भागांना पैसे फार पडत नाहीत. हैदराबादच्या कोटीतल्या गुजराती गल्लीत असे सुटे भाग किरकोळ पैशांत मिळतात.

मी माझ्या खर्चाची मर्यादा सोयाबीनवर बांधली. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. पेडल, अडॅप्टर आणि एक बरी केबल एवढ्यात बसलीच पाहिजे. आमच्या भागात त्या एका क्विंटलमागं किती पाऊस, किती धास्ती असते ते मी जाणतो, म्हणून त्या पैशाला आवाजानं जागावं असं मला वाटत होतं.

उदगीरहून रेल्वेनं हैदराबाद गाठलं. दुकानात मी अ‍ॅम्प साध्या चॅनलवर ठेवायला सांगितला, कारण अ‍ॅम्पचीच घरघर चालू असली तर पेडलचा स्वभाव कळत नाही. ड्राइव्ह अर्ध्यावर, टोन मधोमध, आणि पेडल चालू-बंद केल्यावर आवाज सारखाच राहील एवढी लेव्हल. आवाज थोडा जरी मोठा झाला तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो. मग एकच साधी कॉर्ड: आधी बोटाच्या मांसानं, नंतर पिकनं, नंतर जोर लावून. शेवटी गिटारचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. एक पेडल नुसतंच ओरडत राहिलं. ट्यूब स्क्रीमरच्याच घराण्यातल्या, जोयो कंपनीच्या हिरव्या व्हिंटेज ओव्हरड्राइव्हनं मात्र व्हॉल्यूम उतरताच खरखर आवरली, आणि वाढवताच ती पुन्हा अंगावर घेतली.

ते घेण्यामागं आणखी एक कारण होतं. एप्रिलमध्ये आमच्याकडं गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. ढोलकीची धूम खालची जागा भरते, कीबोर्ड सगळीकडं पसरतो. अशा वेळी गिटारला मधल्या सप्तकात आपली जागा करून घ्यावी लागते. ट्यूब स्क्रीमरच्या घराण्याची पेडलं ७२० हर्ट्झच्या आसपासचा भाग पुढं काढतात आणि खालचा गढूळपणा कमी करतात. एकटं वाजवताना हा आवाज काहींना नाकातला वाटतो. ढोलकीशेजारी तोच स्पष्ट उभा राहतो. घरच्या खोलीत गोड लागणारं पेडल आणि मांडवात टिकणारं पेडल, यांत मी मांडवातलं निवडलं.

जळकोट, मुखेड, अहमदपूरकडची अनेक मुलं आता गिटार घेतात आणि मोठी नावं, मोठ्या किमती पाहून हिरमुसतात. त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तुमचा कान कोऱ्या, निर्मळ आवाजावर वाढलेला नाही. भोंगा, संबळ, तुणतुणं, ढोलकी यांनी तो घडवला आहे, आणि सूर कुठं तापतो, कुठं फाटतो, हे त्याला कुणी शिकवायची गरज नाही. किमतीची चिठ्ठी बाजूला ठेवून त्या कानाला विचारा, आणि तो होकार देईल ते पेडल बेलाशक घ्या.