उसनी ऊब

मृगाचा पाऊस लागण्याच्या आधीच्या आठवड्यात, गेल्या वर्षी, आमच्या उमरोळीच्या घरामागील खुराड्यातून मुंगसाने खुडूक कोंबडी नेली. पहाटे सासूबाई पदरात अकरा अंडी घेऊन स्वयंपाकघरात आल्या तेव्हा मी विरारकडे जाणाऱ्या गाडीच्या घाईत होते. त्यांनी त्यातले एक अंडे माझ्या गालाला लावले. "बघ, अजून गरम आहेत," एवढेच म्हणाल्या. नववा दिवस होता. दुसरी कोणतीही कोंबडी खुडूक नव्हती. मी त्या दिवशी महाविद्यालयात गेले नाही.

खुडूक हा शब्द मला त्या दिवशी प्रथमच खटकला. अंडी घालणे थांबवून बसून राहिलेली कोंबडी ती खुडूक. पुढे याच शब्दाने आपण रिकामटेकड्या, जागचे न हलणाऱ्या माणसालाही हिणवू लागलो. वास्तविक ती कोंबडी त्या वेळी आयुष्यातले सर्वांत जड काम करीत असते. तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहून, पोटाखालची पिसे उपटून, उघडी कातडी अंड्यांना लावून ती बसलेली असते. शब्द मात्र अंडी खाणाऱ्याच्या बाजूने घडला आहे. (मराठीत असे किती शब्द मालकांनी घडवले असतील, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

उबवणीची पेटी यजमानांनी संध्याकाळपर्यंत तयार केली. तोवर सासूबाईंनी अंडी गोधडीत, कोमट पाण्याच्या बाटल्यांच्या मध्ये सांभाळली. पेटी म्हणजे सातपाटीहून पापलेट घेऊन आलेला थर्माकोलचा खोका; तीनदा धुऊनही त्याचा वास गेला नाही. आत साठ वॅटचा पिवळा बल्ब, जुन्या संगणकातला लहान पंखा, पाण्याची एक पसरट थाळी, आणि तापमान ठरलेल्या अंशावर पोचले की बल्ब बंद करणारी, काडेपेटीएवढी एक सर्किटची पट्टी. ती यजमानांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका सहकाऱ्याकडून मागून आणली. बल्बसाठी मात्र बोईसरची चार दुकाने हिंडावी लागली. आता सर्वत्र एलईडी. तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या बल्बमध्ये वाया जाणारी ऊर्जा हीच आम्हांला हवी होती.

साडेसदतीस अंश. या आकड्याने पुढचे बारा दिवस मला झोपू दिले नाही. एखाद-दुसऱ्या अंशाने थोडा वेळ खाली गेले तर चालते. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा दाणापाण्यासाठी उठतेच. पण वर गेलेले चालत नाही. थंडीत गर्भ मंदावतो, उष्णतेने मरतो. दमटपणाचेही तसेच. पहिले अठरा दिवस निम्म्याच्या थोडा वर, शेवटचे तीन दिवस पासष्ट-सत्तर टक्के. थाळीत पाणी किती खोल आहे यावर तो अवलंबून नसतो, पाण्याचे तोंड किती रुंद आहे यावर असतो, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळले. अंड्यांच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून मी ती दिवसातून पाच वेळा फिरवीत असे. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. रात्री अंधारात टॉर्चवर अंडे धरले की आत लाल तंतूंचे जाळे आणि मधोमध हलणारी एक काळसर गाठ दिसे. दोन अंडी स्वच्छ निघाली, म्हणजे फोल. एकात रक्ताचे नुसते कडे होते. ते पूर्वीच मेलेले होते. आठ उरली.

या काळात मी जे वाचले त्यात इजिप्तची हकीकत सर्वांत रंजक होती. तेथे फार प्राचीन काळापासून मातीच्या विटांच्या भट्ट्यांत हजारो अंडी एकदम उबवीत. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्या विद्येवर आणि तिच्या आधारे केलेल्या स्वतःच्या प्रयोगांवर ग्रंथच लिहिला. तापमापकाची एक श्रेणी ज्याच्या नावाने ओळखली जाते असा हा माणूस. पण त्या भट्ट्यांवरचे कारागीर तापमापक वापरीत नसत. अंडे पापणीला लावून ते ऊब जोखीत. हे वाचून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मग? गाल काय नि पापणी काय." आज उलटी गोष्ट झाली आहे. लेगहॉर्नसारख्या भरपूर अंडी देणाऱ्या जातींतून खुडूक बसण्याची प्रवृत्तीच निवडीने जवळजवळ काढून टाकली गेली. त्या कोंबड्यांच्या वंशाला यंत्रावाचून गत्यंतर नाही. गावठी कोंबडीला अजून बसावेसे वाटते, आणि बसते म्हणूनच ती मुंगसाला सापडते.

साहित्य शिकवणाऱ्या बाईला यंत्रापेक्षा महाभारत लवकर आठवणार. आदिपर्वात कद्रू आणि विनता या बहिणी कश्यपाकडे पुत्र मागतात. कद्रू हजार नाग मागते. विनता दोनच, पण त्या हजारांहून बलवान. अंडी होतात, आणि दासी ती उबदार भांड्यांत ठेवतात. हे भांड्यांचे तपशील मी वर्गात आजवर नेहमी ओलांडून जात असे. पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटतात, विनतेची नाहीत. ती लाजते, कासावीस होते आणि एक अंडे स्वतः फोडते. आत अरुण; कमरेच्या वर पूर्ण, खाली अपुरा. तो आईला शाप देतो, सवतीची दासी होशील. आणि दुसरे अंडे फोडू नकोस, आणखी पाचशे वर्षे थांब, तोच तुला सोडवील, हेही सांगतो. दुसरा तो गरुड. परंपरेने गरुडाला देवळे दिली. अरुण सूर्याचा सारथी झाला.

सोळाव्या रात्री पहिला मोठा पाऊस आला आणि वीज गेली. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९पासून इथून जवळच, तारापूरला, उभे आहे. पण आमच्या गल्लीतल्या तारांवर फांदी पडली की त्या थोरवीचा आम्हांला काही उपयोग नसतो. सात तास आम्ही तिघे आलटून पालटून पाणी तापवीत, बाटल्या टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवीत बसलो. सासूबाईंनी त्या रात्री, प्रथमच, त्यांच्या पहिल्या बाळंतपणाविषयी सांगितले. सातव्या महिन्यात झालेला मुलगा, टोपलीत कापूस आणि शेजारी शेगडी. चार दिवस. एवढे बोलून त्या पुन्हा पाणी तापवायला उठल्या. इतकी वर्षे एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हते. यजमानांनाही नव्हते.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत पाच पिल्ले आपापली बाहेर आली. सहाव्या अंड्याला सकाळीच भोक पडले होते, आतून चोच दिसत होती, आवाज येत होता. संध्याकाळी आवाज क्षीण झाला. रात्री अकराला मला राहवेना. सासूबाई झोपल्या होत्या. मी झाकण उघडले, चिमट्याने कवचाचे तुकडे काढू लागले. तिसऱ्या तुकड्यासरशी पापुद्र्यावर रक्त आले. शेवटच्या तासांत पिल्लू आतल्या शिरांतले रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घेत असते. ते गप्प असते ते थकून नव्हे, काम चाललेले असते म्हणून. हे मी वाचलेले होते. वाचूनही मी थांबले नाही. शिवाय झाकण उघडल्याने आतला दमटपणा गेला. उरलेल्या दोन अंड्यांना चोचीचे भोक पडले होते. त्यांतले पापुद्रे सुकून पिल्लांभोवती आवळले गेले असावेत. ती दोन्ही आतच मेली.

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जिचा अंड्यांशी काही संबंध नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने मला चार पाने आणून दाखवली होती. घरी वारली बोलणारा मुलगा. आजोबांच्या भातखाचरावरची हकीकत, निम्मी वारलीत, निम्मी कसल्याशा मधल्या भाषेत, वाक्ये अर्धवट. मला ती आवडली, इतकी की त्याच रात्री बसून मी ती 'नीट' केली. क्रियापदे बसवली, परिच्छेद पाडले, महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी टंकलिखितही करून दिली. तो "थँक्यू मॅडम" म्हणाला. नंतर त्याने मला काही दाखवले नाही. जूनमध्ये विचारले तेव्हा म्हणाला, "आता सुचत नाही." मूळ चार पाने मी त्याला परत दिली होती का, हे मला नक्की आठवत नाही. माझ्या कपाटात ती नाहीत.

चिमटा हातात असताना मला हा मुलगा आठवला, असे लिहिले तर ते खोटे होईल. तेव्हा मला फक्त रक्त दिसत होते. तो आठवला दोन दिवसांनी, आदिपर्वाचा तास घेताना, अरुणापाशी. तो तिसऱ्या बाकावर बसला होता आणि लिहून घेत होता.

सहावे पिल्लू जगले. सासूबाईंनी सकाळी पाहिले, मला एका शब्दाने विचारले नाही. त्याचे पाय दोन्हीकडे फाकत होते. त्यांनी लोकरीच्या धाग्याने ते सैलसर जोडून बांधले आणि त्याला टोपलीत कापसावर वेगळे ठेवले. पाचव्या दिवशी धागा सोडला. एक पाय सुधारला, दुसरा नाही. आता ती मोठी कोंबडी आहे, लंगडतच साऱ्या अंगणावर हुकूम चालवते. यंदाच्या मार्चमध्ये ती खुडूक झाली. सासूबाईंनी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली, खुराड्याला दुहेरी जाळी मारून घेतली, आणि थर्माकोलचा खोका माळ्यावर टाकायला सांगितला. मी तो टाकला. बल्ब तेवढा काढून कपाटात ठेवला आहे.