धुक्यामागचा डोंगर

तैलरंगात धुके रंगवायचे, तर आधी डोंगर नीट ठाऊक असावा लागतो. चित्रावर पांढरा रंग फासला की धुके होत नाही. भिंतीला चुना दिल्यासारखे दिसते. मागे काय झाकले आहे हे रंगविणाऱ्याला माहीत असेल, तरच पाहणाऱ्याला ते झाकलेले जाणवते.

मी रंगवीत होतो तो डोंगर माहूरचा, नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा. रंगवीत मात्र होतो लातूरला बसून. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे ओल्या धुक्याचे चित्र काढणे हा तसा विनोदच. असो.

चित्र हवे होते आईला. उमेदीची अकरा वर्षे तिने किनवट-माहूर भागात परिचारिका म्हणून काढली. रेणुकेचा डोंगर, पलीकडचे दत्तशिखर, पैनगंगेच्या खोऱ्यातून वर चढणारे श्रावणातले धुके आणि सागाला आलेले पांढरट तुरे, हे सारे मी तिच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलो होतो. दोन पावसाळ्यांत स्वतः जाऊन पाहूनही आलो. धुके दरीत साचते; म्हणून डोंगराचा माथा स्पष्ट आणि पायथा विरलेला दिसतो, ही गोष्ट तेथे उभे राहिल्यावरच मनात ठसली.

काम सुरू केले ते सर्वांत लांबच्या रांगेपासून. टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा अल्ट्रामरीन आणि नखभर बर्न्ट सिएना मिसळला की निळसर करडा रंग मिळतो. जवळची प्रत्येक रांग त्याहून किंचित गडद. रंग ओले असतानाच कोरड्या, मऊ कुंचल्याने कडा पुसट करायच्या. घाई करून चालत नाही. तैलरंगातले जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन सावकाश घट्ट होते. ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे हे तेल! खालच्या थरात टर्पेंटाइन अधिक, वरच्या थरात तेल अधिक, हा क्रम मोडला तर पुढे चित्राला भेगा पडतात.

अडचण निराळीच होती. आईला काचबिंदू आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याला मोतीबिंदू झाला होता. १९२३ साली शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा रंगवू लागला. काचबिंदूने गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही. या आजारात जवळजवळच्या छटांतला फरक कळेनासा होतो, आणि धुक्याचे चित्र तर अशाच छटांवर उभे असते. चित्र जितके खरे साधेल, तितके ते आईला कोरे दिसणार. रांगा गडद केल्या, तर तिला दिसतील. पण मग ते माहूरचे धुके राहणार नाही.

चार दिवस कुंचला हाती घेतला नाही. पाचव्या दिवशी डाव्या अंगाला एक साग उभा केला. खोड जवळजवळ काळे, पाने गडद हिरवी. डोंगर जसे होते तसेच राहू दिले.

कॅनव्हास खिडकीपाशी आणला. ओला असल्याने हात लावू नकोस, असे सांगितले, तर ती वाकून वास घेऊ लागली. “जवस,” म्हणाली. मग बराच वेळ पाहत राहिली.

“साग दिसला.”

“आणि डोंगर?”

“तो कुठे दिसायचा श्रावणात? दहा वाजले तरी नसायचा.” थोडे थांबून म्हणाली, “तुरे मात्र काढले नाहीस.”

दुसऱ्या दिवशी काळसर पानांवर मी पांढरे तुरे टेकविले. या चित्रात काही न मिसळलेला पांढरा रंग तेवढाच आहे. व्हार्निश द्यायला अजून पाचसहा महिने आहेत. तोवर चित्र तिच्या पलंगासमोर टेकवून ठेवले आहे.