घोषणा फॉरवर्ड झाली, खंड उघडलाच नाही

७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस. १९०० साली याच दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. त्यानिमित्त आम्ही साताऱ्यातल्या कार्यकर्त्यांनी मोबाईलवर पोस्टर बनवले : ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. अर्ध्या तासात ते वीसेक ग्रुपवर गेले. संध्याकाळी अभ्यासवर्गात अकरावीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, बाबासाहेब याच क्रमाने बोलले होते का?”

कुणालाच सांगता येईना. शरमेची गोष्ट ही, की शासनाने छापलेल्या खंडांच्या पीडीएफ आमच्या मोबाईलमध्येच पडून होत्या. तरी आम्ही आधी काय केले? दुसऱ्या ग्रुपवर विचारले! तिथून चार अंगठे आले आणि तेच पोस्टर परत आले.

शेवटी खंड उघडला. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेतल्या इंग्रजी भाषणात क्रम आहे : एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज. म्हणजे संघटन शेवटी. मग मधले ॲजिटेट म्हणजे रस्त्यावरचा संघर्ष, की शिकलेल्या माणसाच्या डोक्यात उठणारी खळबळ? दोन तास वाद झाला. आमचे मत, आधी डोक्यातली खळबळ. ती नसेल तर रस्त्यावर फक्त गर्दी होते. काहींना हे अजून पटलेले नाही.

आमच्यातला सांगलीचा साथी म्हणाला, आपणही भोंगा लावू. त्यांच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. उपक्रम चांगलाच आहे. पण ‘मोबाईलने पोरे बिघडली’ असे कपाटभर पुस्तके असलेल्या घरातून कुणी सांगू लागले, की आम्हाला राग येतो. आमच्या वस्तीत मोबाईल हेच ग्रंथालय आहे. लॉकडाऊनमध्ये तीन भावंडे एकाच मोबाईलवर शाळा शिकली. तोही रिचार्ज असेपर्यंत.

टेक्सासच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडले, की नुसता टेबलावर ठेवलेला मोबाईलही विचारशक्ती कमी करतो. नंतरच्या सगळ्या प्रयोगांत तसे आढळले नाही. आमचा दोष मात्र यंत्रावर ढकलता येणार नाही. खंड त्याच यंत्रात होता, बोट दुसरीकडे फिरत होते.

आता वर्गात ठरले आहे : खंड आणि पान लिहिल्याशिवाय बाबासाहेबांच्या नावाचे एकही वाक्य पुढे पाठवायचे नाही. मागच्या आठवड्यात सात पोस्टर तयार होते. दोनच गेले. उरलेल्या पाचांची पाने ती मुलगी अजून शोधते आहे.